दहाव्या दिवशीची घसरण : यकृताच्या शस्त्रक्रियेनंतर प्लेटलेट्स कशा वाचायच्या

ऑपरेशन नाशिकला, मुंबईला, नाहीतर सुरत-इंदूरला. टाके, रक्ततपासणी आणि मधेच येणारा ताप मात्र जळगाव, भुसावळ, धुळे किंवा नंदुरबारला. खान्देशात मोठ्या शस्त्रक्रियेचा मार्ग बहुतेक वेळा असाच असतो. त्यामुळे यकृताचा मोठा भाग काढलेला रुग्ण दहाव्या दिवशी ज्या डॉक्टरांसमोर बसतो, त्यांनी ते ऑपरेशन पाहिलेलं नसतं. हातात असतो डिस्चार्जचा कागद आणि ताजा सीबीसी, म्हणजे रक्तपेशींच्या मोजणीचा अहवाल. पावसाळा असेल आणि त्या सीबीसीत प्लेटलेट्स ५४,००० दिसल्या, तर घरच्यांच्या मनात आधी डेंग्यू येतो आणि लगेच प्लेटलेट्सची पिशवी चढवण्याचा विचार.

या प्रकरणात पिशवी लागली नाही. का लागली नाही, तो आकडा खरं तर काय सांगत होता आणि कोणत्या क्रमाने तपास केल्यावर ते कळलं, हे इथे मांडलं आहे. रुग्ण अभ्यासासाठी रचलेला आहे. त्याचे आकडे अशा शस्त्रक्रियेनंतर प्रत्यक्षात दिसतात त्या चालीचे ठेवले आहेत.

रुग्ण आणि ऑपरेशनआधीची स्थिती

यावल तालुक्यातला केळी उत्पादक, वय ५८, वजन ६२ किलो. मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचं ऑपरेशन आधी झालेलं. यकृताच्या उजव्या भागात तीन गाठी निघाल्या म्हणून ऑक्झॅलिप्लॅटिन आणि कॅपेसिटाबिन या केमोथेरपीच्या औषधांचे सहा डोस दिले. गाठी आकसल्या. शेवटच्या डोसनंतर सहा आठवडे थांबून उजवं यकृत काढायचं ठरलं.

केमोथेरपीआधी प्लेटलेट्स २.६ लाख होत्या, ऑपरेशनच्या आठवड्यात १.१८ लाख. प्लीहा, म्हणजे आपली पाणथरी, सीटी स्कॅनवर १०.५ सेंटिमीटरची १४.५ सेंटिमीटर झालेली. हे दोन आकडे शेजारी ठेवून वाचायला हवेत. ऑक्झॅलिप्लॅटिनमुळे यकृतातल्या अतिसूक्ष्म रक्तवाहिन्यांच्या, म्हणजे सायनुसॉइड्सच्या, अस्तराला इजा होते. अस्तर सुटतं, वाट अरुंद होते आणि पोर्टल शिरेतला दाब वाढतो. प्लीहेचं रक्त त्याच शिरेतून यकृताकडे जात असल्याने ती फुगते. निरोगी माणसाच्याही प्लेटलेट्सपैकी सुमारे एक तृतीयांश कायम प्लीहेत असतात. ती मोठी झाली की साठा वाढतो आणि हाताच्या शिरेतून काढलेल्या रक्तात आकडा घटतो. थोडक्यात, या रुग्णाचे १.१८ लाख हे मुख्यतः यकृताच्या आतल्या नळ्यांचं दुखणं दाखवत होते. अशा वेळी अस्थिमज्जेकडे बोट दाखवून पुढे जाणं चूक ठरतं.

उरणाऱ्या यकृताचं माप असं होतं : गाठी वगळून एकूण यकृत सुमारे १,३०० मिलिलिटर, डावीकडे उरणारा भाग ४४० मिलिलिटर, म्हणजे ३४ टक्के. निरोगी यकृतात किमान २० टक्के, केमोथेरपी झालेल्या यकृतात ३० टक्के आणि सिरोसिस असेल तर ४० टक्के भाग उरावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे इथे जागा होती, पण ऐसपैस नव्हती. बिलिरुबिन, म्हणजे काविळीचं माप, ०.९. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या वेळेचं माप (वाढलं तर रक्त उशिरा गोठतं), १.१. यकृतात बनणारं प्रथिन अल्ब्युमिन ३.६.

गोळ्यांच्या यादीत एक नाव लक्ष देण्यासारखं होतं : एस्सिटॅलोप्रॅम १० मिलिग्रॅम. कॅन्सरचं निदान झाल्यावर झोप उडाली, मन खचलं, म्हणून सुरू केलेली. तिचा प्लेटलेट्सशी असलेला संबंध पुढे येईल.

यकृताला प्लेटलेट्स कशासाठी लागतात

प्लेटलेट म्हटलं की रक्त गोठणं, एवढीच ओळख बहुतेकांना असते. पण प्लेटलेट म्हणजे माल भरलेली पिशवी. आत दोन प्रकारचे कण असतात. अल्फा कणांत वाढीला चालना देणारी आणि वाढ रोखणारी, दोन्ही प्रकारची प्रथिनं असतात. दाट कणांत सिरोटोनिन, एडीपी आणि कॅल्शियम.

यकृताला मिनिटाला दीड लिटरच्या आसपास रक्त मिळतं आणि त्यातलं सुमारे तीन चतुर्थांश पोर्टल शिरेतून येतं. उजवा भाग काढला, म्हणून आतडी आणि प्लीहा रक्त पाठवायचं कमी करत नाहीत. पाटाचं सगळं पाणी एकाच वाफ्यात सोडावं तसं ते उरलेल्या एक तृतीयांश यकृतातून वाहू लागतं. सायनुसॉइडच्या अस्तरावर रक्ताचा घासा वाढतो. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे की यकृत कापल्यावर काही मिनिटांतच प्लेटलेट्स तिथे चिकटतात, अस्तराच्या झरोक्यांतून पलीकडच्या फटीत, म्हणजे डिस्सेच्या जागेत, उतरतात आणि यकृतपेशींना थेट भिडतात. तिथे त्या आपला माल सोडतात. अस्तराच्या पेशीही त्यामुळे चेततात आणि इंटरल्युकिन-६ स्रवतात. यकृतपेशींना विभाजनासाठी जागं करणाऱ्या पहिल्या संदेशांपैकी हा एक.

२००६मध्ये झ्युरिकच्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं की प्लेटलेट्स कमी केल्या तर यकृताची वाढ अडखळते आणि या कामात प्लेटलेटमधल्या सिरोटोनिनचा मोठा वाटा आहे. माणसांबद्दलचा पुरावा निरीक्षणातून आला. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनच्या २०१०च्या अभ्यासात ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी प्लेटलेट्स १ लाखाखाली असलेल्या रुग्णांचं यकृत उशिरा सावरलं आणि त्यांच्यात मृत्यूही जास्त झाले. व्हिएन्नातल्या गटाला प्लेटलेट्सच्या आतलं सिरोटोनिन कमी असलेल्या रुग्णांत यकृताचं काम मंदावण्याचं प्रमाण जास्त दिसलं. म्हणजे संख्येइतकाच आतला मालही महत्त्वाचा.

एस्सिटॅलोप्रॅमचा मुद्दा इथे येतो. प्लेटलेट सिरोटोनिन स्वतः बनवत नाही. आतड्यात बनलेलं ती रक्तातून उचलते. नैराश्यावरच्या या गटातल्या गोळ्या उचलण्याचं तेच दार बंद करतात, म्हणून काही आठवड्यांत प्लेटलेट्स आतून रित्या होतात. मग गोळी थांबवायची का? या रुग्णाची थांबवली नाही. एकदम बंद केल्याने चक्कर, अस्वस्थता, झोप उडणं आणि नैराश्य उलटणं हे त्रास होऊ शकतात. उलट बंद केल्याने यकृत लवकर भरतं, असं माणसांत सिद्ध झालेलं नाही. फक्त भूलतज्ज्ञांना कळवलं आणि डायक्लोफिनॅकसारखी वेदनाशामकं पूर्ण टाळली. दोन्ही मिळून रक्तस्राव वाढवतात.

प्लेटलेट्सच्या बाजूने एवढं लिहिल्यावर दुसरी बाजूही सांगायला हवी. त्याच अल्फा कणांत थ्रॉम्बोस्पॉन्डिन-१ आणि टीजीएफ-बीटा असतात आणि ते वाढीला ब्रेक लावतात. दात्याच्या प्लेटलेट्स पिशवीतून चढवल्याने माणसाचं यकृत लवकर वाढतं, हे दाखवणारा भरवशाचा पुरावा नाही. कमी प्लेटलेट्स आणि सुस्त यकृत एकत्र दिसतात, म्हणून बाहेरून ओतल्या की काम होईल, ही उडी घेऊ नये.

ऑपरेशन आणि पहिला आठवडा

यकृतात येणारं रक्त १५ मिनिटं थांबवून ५ मिनिटं सोडायचं, या पद्धतीने तीन फेऱ्या झाल्या. सुमारे ७०० मिलिलिटर रक्त गेलं, बाहेरून चढवावं लागलं नाही. रक्तस्राव रोखण्यासाठी वापरलं जाणारं ट्रॅनेक्झॅमिक आम्ल दिलं नाही. २०२४मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत यकृत कापण्याच्या शस्त्रक्रियेत त्याने रक्तस्राव घटला नाही, गुंतागुंती मात्र वाढल्या.

पुढचे आकडे एकत्र पाहावेत, म्हणून तक्ता :

| दिवस | प्लेटलेट्स | बिलिरुबिन | आयएनआर |
|---|---|---|---|
| आधी | १.१८ लाख | ०.९ | १.१ |
| १ | ८४,००० | २.४ | १.७ |
| २ | ७१,००० | २.९ | १.८ |
| ३ | ६८,००० | २.६ | १.६ |
| ५ | ९२,००० | १.८ | १.३ |
| ७ | १.३२ लाख | १.४ | १.२ |
| १० | ५४,००० | ३.२ | १.५ |
| ११ | ४७,००० | ३.४ | १.६ |
| १२ | ५१,००० | ३.६ | १.६ |
| १३ | ७८,००० | २.७ | १.४ |
| १५ | १.४६ लाख | १.९ | १.२ |
| १८ | ३.१० लाख | १.३ | १.१ |
| २२ | ४.९० लाख | १.० | १.१ |

पहिल्या तीन दिवसांतली उतरण अपेक्षित आहे. सलाइनने रक्त पातळ होतं, कापलेल्या पृष्ठभागावर प्लेटलेट्स खर्च होतात, उरलेल्या यकृतात चिकटतात आणि पोर्टल दाब वाढल्याने प्लीहेत जास्त अडकतात. मज्जेला प्लेटलेट्स बनवायला लावणारं थ्रॉम्बोपोएटिन यकृतच बनवतं आणि यकृत कमी झालं म्हणून उत्पादन घटलं, असं स्पष्टीकरणही दिलं जातं, पण दुसऱ्या दिवसाच्या घसरणीला ते लागू पडत नाही. प्लेटलेटचं आयुष्य ७ ते १० दिवसांचं असतं आणि मज्जेतून नवी फळी तयार व्हायलाही काही दिवस जातात. उत्पादनातली घट इतक्या लवकर दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी फॉस्फरस १.६ होता. पेशी विभागायच्या तर ऊर्जा लागते, ऊर्जेला फॉस्फेट लागतं, म्हणून मोठ्या कापणीनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो घसरतो. शिरेतून पोटॅशियम फॉस्फेट सहा तासांत २० मिलिमोल दिलं, पोटॅशियम मोजत. ही तपासणी राहून जाते आणि मग श्वासाचे स्नायू थकतात तेव्हा आठवते.

पाचव्या दिवसाला महत्त्व आहे. २००५मध्ये फ्रान्समधल्या गटाने मांडलेला निकष असा : पाचव्या दिवशी रक्त गोठण्याच्या क्षमतेचं माप, प्रोथ्रॉम्बिन, ५० टक्क्यांखाली, म्हणजे ढोबळपणे आयएनआर १.७च्या वर, आणि बिलिरुबिन ५० मायक्रोमोल, म्हणजे साधारण ३ मिलिग्रॅमच्या वर, असं दोन्ही असेल तर जीवाचा धोका मोठा. इथे १.८ आणि १.३. यकृत मार्गावर होतं. ऑपरेशनवेळी पोटात ठेवलेल्या नळीतून येणाऱ्या पाण्याचं बिलिरुबिन ३.१ होतं, म्हणजे रक्तातल्याच्या पावणेदोन पटही नाही. तिसऱ्या दिवशी किंवा त्यानंतर तिप्पट किंवा जास्त आलं तर पित्तगळती धरतात. म्हणून नळी काढली आणि सातव्या दिवशी रुग्ण घरी निघाला. रेल्वेने भुसावळ, पुढे गाडीने गाव. रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून पोटावर हेपरिन गटातल्या एनॉक्झापॅरिन ४० मिलिग्रॅमचं रोजचं इंजेक्शन पहिल्या दिवसापासून सुरू होतं आणि ते कॅन्सरच्या ऑपरेशननंतरच्या पद्धतीप्रमाणे २८ दिवस चालू ठेवायचं होतं. ही ओळ डिस्चार्जच्या कागदावर खाली, बारीक अक्षरात असते. ती शोधून वाचावी.

दहावा दिवस

नवव्या रात्री थंडी वाजून १०१ ताप. सकाळी उजव्या खांद्यात दुखू लागलं, भूक गेली, लघवी गडद झाली. जळगावात तपासणी : प्लेटलेट्स ५४,०००, पांढऱ्या पेशी १७,८००, बिलिरुबिन ३.२, क्रिएटिनिन १.३.

मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, आमच्या गल्लीत दोघांना डेंग्यू आहे. आबांना पिशवी लावून टाका ना, रक्तपेढीत माणूस पाठवलाय."

तो प्रश्न बावळट नाही. ऑगस्ट-सप्टेंबरात खान्देशातल्या कोणत्याही वॉर्डात हेच ऐकू येतं. पण इथे पाच गोष्टी एकामागोमाग तपासायच्या होत्या आणि त्यातल्या पहिल्या तिन्हीला मिळून दोन तास पुरतात.

आधी आकडा खरा आहे का. सीबीसीच्या जांभळ्या टोपणाच्या नळीतल्या ईडीटीएमुळे काही लोकांच्या प्लेटलेट्स एकमेकींना चिकटून गुठळ्या होतात आणि यंत्र त्या मोजत नाही. काचपट्टीवर रक्त पसरून पातळ पिसाऱ्यासारख्या शेवटाकडे पाहायचं. गुठळ्या असतील तर तिथेच लोटल्या जातात. इथे नव्हत्या. ऑइल इमर्शनच्या एका क्षेत्रात तीन-चार प्लेटलेट्स दिसल्या. एकीचे साधारण १५,००० धरले तर ४५ ते ६० हजार. निळ्या टोपणाच्या सायट्रेट नळीत ४९,००० आल्या. त्या नळीतल्या द्रवाने रक्त दहा टक्के पातळ होतं, म्हणून १.१ने गुणायचं : ५३,९००. आकडा खरा.

मग डेंग्यू-मलेरिया. डेंग्यूची एनएस-१ आणि मलेरियाची तपासणी केलीच, दोन्ही नकारात्मक. पण त्याआधीच १७,८०० पांढऱ्या पेशी बोलत होत्या. डेंग्यूत त्या सहसा घटतात.

तिसरी शंका हेपरिनची, आणि हीच सर्वांत जास्त विसरली जाते. हेपरिन किंवा एनॉक्झापॅरिन सुरू करून ५ ते १० दिवसांत प्लेटलेट्स निम्म्याहून खाली आल्या, तर शरीराने हेपरिनविरुद्ध प्रतिपिंड बनवल्याची शक्यता असते. त्या आजारात प्लेटलेट्स कमी असूनही रक्ताच्या गुठळ्या होतात आणि वरून प्लेटलेट्स दिल्या तर आगीत तेल. या आजाराची शक्यता मोजायचे गुण मांडले : १.३२ लाखावरून ५४,०००, म्हणजे ५९ टक्के घसरण, २ गुण. वेळ जुळते, २ गुण. नवी गुठळी नाही, ०. दुसरं ठळक कारण समोर, ०. एकूण ४, मध्यम शक्यता. म्हणून एनॉक्झापॅरिन त्याच क्षणी बंद, त्या प्रतिपिंडाच्या, म्हणजे पीएफ-४च्या, तपासणीचा नमुना मुंबईला, आणि निकाल येईपर्यंत पायांना हवेच्या दाबाचे पट्टे.

चौथं, पोर्टल शीर. डॉपलरवर, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणाऱ्या सोनोग्राफीवर, ती उघडी होती, प्रवाह यकृताकडेच. शीर गुठळीने बंद झाली असती तर बिलिरुबिन वाढणं आणि प्लेटलेट्स घटणं दोन्हींचा उलगडा झाला असता. त्यामुळे ही तपासणी टाळून पुढे जाता येत नाही.

पाचवं त्याच सोनोग्राफीत सापडलं : उजवीकडे छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याखाली, यकृत काढलेल्या रिकाम्या जागेत ९ बाय ६ सेंटिमीटरचा साठा. खांदा दुखण्याचं कारणही तेच. पडद्याची आणि खांद्याची संवेदना मानेतल्या त्याच मज्जातंतूंच्या मुळांतून येते. सीटी स्कॅनने खात्री झाली. कापलेल्या पृष्ठभागावरची बारीक पित्तनळी उशिरा गळू लागली होती आणि साठलेल्या पित्तात जंतू वाढले होते.

जंतुसंसर्गात प्लेटलेट्स पेटतात, पांढऱ्या पेशींना चिकटतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत खर्च होतात. यकृत वाढत असताना तिथे लागणारा माल भलत्याच लढाईत जात होता. शिवाय संसर्गाने पित्ताचा प्रवाहही मंदावतो. सातव्या दिवसापर्यंत सरळ चढत आलेली रेषा अशी मोडली, तर कारण बहुधा यकृताच्या बाहेर कुठेतरी असतं आणि ते शोधलं तर सापडतं.

बर्फातल्या चार पिशव्या

तपास चालू असताना नातेवाईक रक्तपेढीतून चार पिशव्या घेऊन आले. थर्माकोलच्या डब्यात, वर-खाली बर्फ. लाल रक्ताची पिशवी थंड आणायची असते, लसही थंड आणायची असते, म्हणून कुणीतरी काळजीने बर्फ घातला.

प्लेटलेट्स २० ते २४ अंशांत, हलवत्या ट्रेवर ठेवतात आणि पाच दिवसांत वापरतात. पिशवी उजेडासमोर धरून हलकेच फिरवली तर चांगल्या प्लेटलेट्स दुधाळ, चमकत्या भोवऱ्यासारख्या फिरताना दिसतात. त्या चपट्या तबकड्या असल्याने उजेड परावर्तित होतो. थंडीने तबकडीचा गोळा होतो, मग भोवरा दिसत नाही. पिशवी नुसती गढूळ, निर्जीव वाटते. त्या चारही तशाच होत्या. अशा प्लेटलेट्स चढवल्या तर यकृतातल्या भक्षक पेशी त्या थोड्याच वेळात रक्तातून उचलून टाकतात. पिशव्या वापरल्या नाहीत.

मे महिन्यात उलटा प्रकार होतो. जळगाव-भुसावळचा पारा ४५च्या आसपास असताना पिशवी दुचाकीच्या डिकीत ठेवली तर तीही वाया जाते. डबा हवा, बर्फ नको, एसी गाडी असेल तर उत्तम, आणि रक्तपेढीतून निघाल्यावर वाटेत थांबू नये.

पण बर्फ नसता तरी त्या पिशव्या लागल्या असत्या का? नाही. रक्तस्राव नव्हता. खोलवरचा साठा सुईने काढायला प्लेटलेट्स ५०,०००च्या वर आणि आयएनआर १.५ ते १.८च्या आत चालतो; इथे ५४,००० आणि १.५. नुसत्या आकड्यासाठी पिशवी द्यायची तर सर्वसाधारण उंबरठा १०,०००. ताप, संसर्ग असेल तर अनेक ठिकाणी २०,००० धरतात. रक्त वाहत असेल किंवा शस्त्र लावायचं असेल तर ५०,०००. शिवाय हेपरिनचा प्रश्न सुटलेला नव्हता. पिशवीचा हिशेबही माहीत असावा : साधी एक पिशवी मोठ्या माणसात ५ ते १० हजारांनी आकडा वाढवते, एका दात्याकडून यंत्राने काढलेली एसडीपी ३० ते ६० हजारांनी. संसर्ग पेटलेला असताना एवढीही वाढ मिळत नाही आणि मिळाली तर टिकत नाही.

उपचार आणि उतार

त्याच दुपारी सोनोग्राफीच्या मदतीने १२ फ्रेंचची पिगटेल नळी घातली. २२० मिलिलिटर हिरवट पू निघाला. पिपरासिलिन-टॅझोबॅक्टम हे प्रतिजैविक ४.५ ग्रॅम दर आठ तासांनी, तपासणीत ई. कोलाय जंतू आले आणि हेच औषध लागू होतं, म्हणून बदल नाही. लिनेझोलिड हे दुसरं प्रतिजैविक मुद्दाम टाळलं. ते काही दिवसांत स्वतःच प्लेटलेट्स घटवतं आणि मग घसरण संसर्गाची की औषधाची, हा नवा गोंधळ. व्हिटॅमिन के १० मिलिग्रॅम शिरेतून सावकाश, तीन दिवस. पित्त आतड्यात कमी पोहोचतंय, जेवण नाही आणि प्रतिजैविक सुरू आहे, अशा वेळी आयएनआर वाढण्यात यकृताइतकाच या जीवनसत्त्वाच्या तुटीचा हात असू शकतो.

अकराव्या दिवशी प्लेटलेट्स ४७,०००वर उतरल्या. घरचे पुन्हा घाबरले. नळीत रक्त नाही, नाडी स्थिर, ताप उतरतोय. थांबलो तरी चालेल, हे समजावून सांगावं लागलं. बाराव्या दिवशी ५१,०००. त्याच दिवशी बिलिरुबिन ३.६, सगळ्यांत वर. कागदावर नुसतं बिलिरुबिन पाहणाऱ्याला वाटलं असतं की बिघडतंय. पण दीर्घ काविळीत बिलिरुबिनचा काही भाग अल्ब्युमिनला घट्ट बांधला जातो आणि त्याच्यासोबतच सावकाश निघतो, त्यामुळे तो आकडा मागे रेंगाळतो. प्लेटलेट्सची रेषा एक दिवस आधी वळली होती. तेराव्या दिवशी ७८,००० आणि बिलिरुबिन २.७.

नळीतून रोज येणारं पित्त १८० मिलिलिटरवरून ९०, ३० आणि मग १०वर आलं. ते कमी झालं नसतं तर दुर्बिणीतून पित्तनळीचं तोंड मोकळं करून स्टेंट टाकायचा बेत तयार होता. गरज पडली नाही. पीएफ-४ तेराव्या दिवशी नकारात्मक आलं आणि एनॉक्झापॅरिन पुन्हा सुरू झालं.

घरी परत न्यायच्या आधी आहाराची चौकशी झाली तेव्हा कळलं की पपईच्या पानांचा रस आणि गुळवेलीचा काढा आठव्या दिवसापासून चालू होता. पपईच्या रसाने कापलेलं यकृत सावरतं, असा पुरावा नाही. गुळवेलीची गोष्ट गंभीर आहे. २०२१मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. एक तृतीयांश यकृतावर जगणाऱ्या माणसाला तो धोका देऊ नये. दोन्ही बंद केलं. त्याऐवजी रोज ८०-९० ग्रॅम प्रथिनं पोटात जातील अशी मांडणी : सकाळी दोन अंडी, म्हणजे १२ ग्रॅम, दोन वेळा मिळून अर्धा लिटर दूध, १६ ग्रॅमच्या आसपास, दोन्ही जेवणांत घट्ट मुगाचं वरण, दही, मऊ भाकरी, उरलेलं पनीर किंवा शेंगदाण्याच्या कुटातून. एका बैठकीत जात नाही, म्हणून सहा वेळा थोडं थोडं. रात्री झोपताना काहीतरी खाणं सक्तीचं, कारण साखरेचा साठा करणारं यकृतच लहान झालेलं असतं.

अठराव्या दिवशी ३.१० लाख, बाविसाव्या दिवशी ४.९० लाख. संसर्गातल्या इंटरल्युकिन-६ने यकृत थ्रॉम्बोपोएटिन जास्त बनवतं आणि त्याचं फळ असं आठवड्याने दिसतं. घरच्यांना आनंद झाला, पण या टप्प्यावर लक्ष उलट्या बाजूला लागतं : पोर्टल शिरेत गुठळी. म्हणून अठराव्या दिवशी डॉपलर पुन्हा केलं, शीर उघडी होती. ॲस्पिरिन जोडलं नाही; इंजेक्शन २८व्या दिवसापर्यंत चाललं.

चार आठवड्यांनी सीटीवर उरलेलं यकृत ४४० वरून सुमारे ७९० मिलिलिटर झालं होतं. तीन महिन्यांनी प्लेटलेट्स १.५५ लाख, प्लीहा १३.८ सेंटिमीटर. ती पूर्ववत झालेली नाही आणि कदाचित काही महिने होणारही नाही. फाइलच्या पहिल्या पानावर आता तीन ओळी लिहिलेल्या आहेत : नेहमीचा प्लेटलेट आकडा दीड लाख, ऑक्झॅलिप्लॅटिन पुन्हा सुरू करण्याआधी प्लीहेचं माप घ्या, ताप आल्यास सीबीसीबरोबर पोटाची सोनोग्राफी त्याच दिवशी.